रोजच्या गाडीला परफॉर्मन्स क्लच: ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

गाडी रिमॅप केली (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं), टॉर्क म्हणजे इंजिनची फिरवण्याची ताकद वाढली, मजा आली, आणि मग काही महिन्यांत क्लचचा विषय निघतोच. बहुतेक जण तेव्हा कॅटलॉग उघडतात, त्यातला सगळ्यात मोठा आकडा बघतात आणि तोच क्लच मागवतात. तसं होऊ नये म्हणून हे प्रश्न-उत्तरं लिहिलीयत. इथे विचार फक्त मॅन्युअल गिअरच्या, रोज ऑफिसला जाणाऱ्या, रविवारी घरच्यांना घेऊन लोणावळ्याला जाणाऱ्या गाडीचा केलाय. ट्रॅकवरच्या किंवा ड्रॅगच्या गाडीचं गणित वेगळं असतं, ते इथे लावू नका.

परफॉर्मन्स क्लचमध्ये नेमकं वेगळं काय असतं?

काम तेच असतं. एका बाजूला फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट, मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली, आणि त्या घर्षणावर इंजिनची ताकद गिअरबॉक्सला जाते. क्लच किती टॉर्क धरेल ते चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर प्लेटचा दाब किती, लायनिंगची (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराची) पकड किती, प्लेट केवढी मोठी आणि घासणारे पृष्ठभाग किती (एका प्लेटला दोन). प्लेट मोठी करायला बेल हाउसिंगमध्ये (क्लच ज्या खोळीत बसतो तिच्यात) सहसा जागाच नसते, म्हणजे उरले तीनच रस्ते. दाब वाढवा, मटेरियल बदला, नाहीतर प्लेटा वाढवा. आणि तिन्हीची किंमत वेगवेगळ्या ठिकाणी मोजावी लागते: दाब वाढवला तर डाव्या पायाला, मटेरियल बदललं तर ट्रॅफिकमध्ये झटके खाऊन, आणि प्लेटा वाढवल्या तर खिशाला. ‘काहीच तोटा नाही’ असा क्लच कोणी विकत असेल तर त्याला हे तीन रस्ते सांगा आणि विचारा तुमचा यातला कुठला.

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचा क्लचच्या निवडीशी काय संबंध?

सगळा संबंध तिथेच आहे. कॅटलॉगमधला टॉर्कचा आकडा सांगतो की पाय पूर्ण काढलेला असताना क्लच किती ताकद धरेल. पण क्लच झिजतो तो धरताना नाही, सरकताना झिजतो, म्हणजे हाफ क्लचवर. सकाळी कासारवडवलीहून निघून वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा असं करत हायवेला लागेपर्यंत किती वेळा गाडी शून्यावरून उचलावी लागते ते स्वतः एकदा मोजून बघा. महापे-शिळफाटा रोड आणि संध्याकाळचा ऐरोली ब्रिज यांची पण तीच कथा.

आता यातलं भौतिकशास्त्र बघा कारण ते खरंच महत्त्वाचं आहे. सपाट रस्त्यावर गाडी शून्यावरून उचलताना इंजिन जेवढी ऊर्जा देतं त्यातली साधारण अर्धी क्लचमध्ये उष्णता होऊन जाते, क्लच कितीही महाग असला तरी. आणि ही उष्णता आरपीएमच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे तुम्ही १००० ऐवजी २००० आरपीएमवर क्लच सोडत असाल तर उष्णता दुप्पट नाही, जवळपास चौपट. चढ असेल तर अजून वर. गायमुखच्या घाटात जाम लागलेला असताना गाडी ब्रेकऐवजी हाफ क्लचवर धरून ठेवणारे ड्रायव्हर आपण रोज बघतो, तिथे गाडी एक इंच पुढे जात नाही आणि सगळी ऊर्जा प्लेट तापवण्यात जाते.

म्हणून रोजच्या गाडीच्या क्लचला पहिला प्रश्न ‘किती धरतो’ हा नाही. ‘किती सहज सरकतो आणि सरकताना तापलं तर सहन करतो का’ हा आहे. या पानावरची बाकीची सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

माझ्या गाडीला अपग्रेड लागतोय की नुसता क्लच संपलाय?

हे आधी ठरवा, कारण दोन्हीचं लक्षण एकच असतं. मोकळा रस्ता बघा, पहाटेचा पाम बीच चालेल पण स्पीड लिमिटच्या आत, चौथ्या गिअरला ५०च्या आसपास गाडी ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा सटकन वर गेला आणि स्पीड मागेच राहिला तर क्लच स्लिप मारतोय. टर्बो डिझेलमध्ये हे २००० आरपीएमच्या आजूबाजूला सगळ्यात स्पष्ट दिसतं, कारण टॉर्क तिथेच भरतो. ही टेस्ट एकदाच करायची, पुन्हा पुन्हा करून मित्रांना दाखवायची नाही, प्रत्येक वेळी प्लेट तापतेय.

स्लिप सापडली की गाडीचं वय आणि रनिंग बघा. ८०-९० हजार किलोमीटर त्याच प्लेटवर झालेत, निम्मे शहरात, आणि आता रिमॅप केल्यावर स्लिप होतोय, तर रिमॅपने फक्त संपत आलेला क्लच उघडा पाडला. तिथे चांगल्या कंपनीचा नवा स्टॉक (मूळ गाडीत येतो तसा) सेट टाकून सुद्धा प्रश्न मिटू शकतो. याउलट क्लच नवा आहे, वायरचं फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल) बरोबर आहे, क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइल प्लेटवर येत नाहीये, आणि तरी फुल टॉर्कला सरकतोय, तर मग खरंच क्षमता कमी पडतेय. फ्री प्ले आणि ऑइल, या दोन गोष्टी न बघता क्लच विकणाऱ्याकडून क्लच घेऊ नका.

किती टॉर्कचा क्लच घ्यायचा?

आजचा खरा टॉर्क, त्यावर २० ते ३० टक्के. बास. समजा २५० एनएमची (न्यूटन-मीटर, टॉर्कचं माप) १.५ टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल, पोलो आहे आणि रिमॅपनंतर ती ३२० एनएम देतेय, तर ३८० ते ४१५च्या मधला क्लच पुरतो. ‘पुढेमागे मोठा टर्बो टाकीन’ म्हणून आज ६०० एनएमचा घेतला तर मोठा टर्बो येईपर्यंत रोजचा त्रास तुमच्याच पायाला, आणि दहापैकी नऊ जणांचा मोठा टर्बो येत नाही.

आकडे वाचताना दोन ठिकाणी लोक फसतात. एक, अमेरिकन कंपन्या पाउंड-फूट देतात, त्याला १.३५६ ने गुणलं की एनएम येतात, म्हणजे तिकडचे ३०० म्हणजे आपले ४०७. दोन, कोणी टॉर्क इंजिनचा सांगतो, कोणी डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) चाकाला मोजलेला, आणि चाकाला मोजलेला नेहमी कमी येतो. तुमचा डायनोचा कागद चाकाचा आणि क्लचचा आकडा इंजिनचा असं झालं तर सगळा हिशोब चुकला. विचारून घ्या, लाजू नका.

अजून एक बाजू आहे जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. क्लच हा ड्राइव्हलाइनचा, म्हणजे इंजिनपासून चाकापर्यंतच्या सगळ्या साखळीचा, फ्यूज आहे. तो गरजेपेक्षा खूप दणकट केला की झटका पुढे जातो, गिअरच्या दातांना, ड्राइव्ह शाफ्टला, सीव्ही जॉइंटला. फोक्सवॅगन ग्रुपच्या मॅन्युअल गिअरबॉक्सचं बघा, एमक्यू २०० हा २०० एनएमसाठी, एमक्यू २५० हा २५० एनएमसाठी बनवलेला, नावातच लिहिलंय. गिअरबॉक्सला थोडी जागा असते हे खरं, पण त्याच्यामागे ६०० एनएमचा क्लच लावून उपयोग काय?

स्टेज १, स्टेज २, स्टेज ३ म्हणजे काय? स्टेज ३ सगळ्यात चांगला ना?

नाही. स्टेज हे कुठल्याच स्टँडर्डमध्ये नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने नंबर देते. एकाचा स्टेज २ म्हणजे ऑर्गॅनिक प्लेट आणि कडक प्रेशर प्लेट, दुसऱ्याचा स्टेज २ म्हणजे एका बाजूला ऑर्गॅनिक आणि दुसऱ्या बाजूला सिरॅमिक. ढोबळमानाने स्टेज १ रोजच्या वापराचा, स्टेज ३ पासून पुढे बटन प्लेट (सलग लायनिंगऐवजी सिरॅमिक किंवा धातूचे तुकडे असलेली) सुरू होते, आणि त्याच्याही पुढे विनास्प्रिंगचा हब, म्हणजे प्लेटचा मधला भाग. पण तुम्ही नंबर विचारूच नका. विचारायचं ते हे: मटेरियल काय, हबला स्प्रिंगा आहेत का, दाब स्टॉकपेक्षा किती टक्के जास्त, टॉर्क किती आणि तो इंजिनचा की चाकाचा. विकणाऱ्याला हे सांगता येत नसेल तर पुढचं दुकान बघा.

ऑर्गॅनिक, केव्हलार, सिरॅमिक, यातलं काय घेऊ?

ठाण्यात-नवी मुंबईत रोज चालणाऱ्या गाडीला माझं उत्तर जवळपास नेहमी ऑर्गॅनिक हेच असतं. स्टॉक प्लेटसुद्धा ऑर्गॅनिकच असते, परफॉर्मन्सवाली थोड्या चांगल्या प्रतीची आणि बऱ्याचदा जास्त तांबं असलेली, आणि सोबत जास्त दाबाची प्रेशर प्लेट. हळूवार लागते, हाफ क्लचवर गाडी इंच इंच सरकवता येते, फ्लायव्हील खात नाही. कमजोरी एकच, खूप तापली की पकड सोडते आणि जळका वास येतो. थोडीशी तापली असेल तर थंड झाल्यावर सावरते, पण वारंवार जाळलीत तर काच मारल्यासारखी गुळगुळीत होते आणि मग संपली.

केव्हलारची प्लेट टिकाऊ असते आणि लागते पण छान, पण ब्रेक-इन (नवी प्लेट बसेपर्यंत जपून चालवायचा काळ) लांब असतो आणि तो नीट नाही केला किंवा एकदा जोरात तापवली तर ग्लेझ होते, म्हणजे तशीच गुळगुळीत होते, आणि ऑर्गॅनिकसारखी परत येत नाही. ज्याचा रोजचा रस्ता बहुतेक हायवे आहे, समजा पनवेलहून पुण्याला वारंवार जाणं, त्याला मी केव्हलारचा विचार कर म्हणेन. वागळे इस्टेटच्या गल्ल्यांमधून रोज जाणाऱ्याला नाही.

सिरॅमिक आणि सिंटर्ड (धातूची पावडर दाबून-भाजून केलेल्या), म्हणजे बटनवाल्या प्लेटा. उष्णता भरपूर सहन करतात, टॉर्क भरपूर धरतात, आणि लागताना स्विच लागल्यासारख्या लागतात, म्हणजे हाफ क्लच असा राहतच नाही. गाडी झटका देऊन सुटते नाहीतर बंद पडते. हे हायवेवर कळत नाही, सोसायटीत कळतं. आपल्याकडच्या टॉवरचं पोडियम पार्किंग आठवा, अरुंद रॅम्प, मध्ये वळण, समोरून कोणीतरी येतंय म्हणून रिव्हर्सला थोडं मागे घ्यायचंय, मागे भिंत आणि बाजूला सेक्रेटरींची गाडी. तिथे बटन प्लेटवर गाडी चार इंच मागे घेणं हे रोजचं टेन्शन आहे, आणि क्लच घेताना ते कोणाच्याही डोक्यात नसतं. बटन प्लेट फ्लायव्हील पण लवकर खाते.

ओळखीचा लायनिंगवाला स्टॉक प्लेटवर बटन बसवून देतो म्हणतोय, स्वस्तात. करू का?

ट्रॅक्टर-ट्रकच्या प्लेटा अशा रिलाइन होतात आणि तिथे ते चालतं कारण आरपीएम कमी असतात. तुमची गाडी ५-६ हजार आरपीएमला जाते. बॅलन्स चुकला किंवा रिव्हेट सैल निघाला तर प्लेट बेल हाउसिंगच्या आत फुटते, आणि बेल हाउसिंग तुमच्या पायांच्या जवळ असतं. वाचलेल्या पैशासाठी हे करू नका, कळकळीने सांगतोय.

स्प्रिंगवाला हब आणि सॉलिड हब यात काय फरक?

प्लेटच्या मध्यभागी दिसणाऱ्या जाड स्प्रिंगा इंजिनची थरथर आणि झटके पितात. सॉलिड हबला त्या नसतात, वजन कमी, गिअर पटकन पडतात, आणि सगळा आवाज-थरथराट गिअरबॉक्समध्ये. रोजच्या गाडीला स्प्रिंगवालाच. शिवाय लायनिंगच्या दोन थरांच्या मध्ये लाटांसारखी पातळ पट्टी असते, तिला मार्सेल स्प्रिंग म्हणतात, क्लच मऊ लागतो तो तिच्यामुळे. स्वस्त परफॉर्मन्स प्लेटेत ती गायब असते. प्लेट हातात घेऊन कडेने बघा, दोन लायनिंगच्या मध्ये फट दिसली पाहिजे.

पेडल किती जड होईल?

दाब वाढला की पेडल जड होतं, पण सरळ त्याच प्रमाणात नाही, डायफ्राम स्प्रिंग (प्रेशर प्लेटमधली दाब देणारी स्प्रिंग) कशी बनवलीय त्यावर जातं. काही कंपन्या टेकूची जागा बदलून दाब वाढवतात, त्यात पेडल फार जड होत नाही पण क्लच पूर्ण सुटायला पाय जास्त खाली न्यावा लागतो, आणि पेडलचा प्रवास पुरला नाही की रिव्हर्स टाकताना खर्रर्र होतं. स्टॉकपेक्षा २५-३० टक्के जास्त दाबापर्यंत बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत सवय होते. त्याच्या वर गेलात तर तीनहात नाक्याच्या सिग्नलला गुडघा आठवण करून देतो.

आणि फक्त पायाचा प्रश्न नाही. जड प्रेशर प्लेटचा भार क्लच वायर, फोर्क, पेडलचं ब्रॅकेट, मास्टर-स्लेव्ह सिलिंडर (हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलचा दाब फ्लुइडमधून पोचवणारे), आणि इंजिनच्या आत क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. जितका वेळ सिग्नलला क्लच दाबून उभे राहाल तितका वेळ ते बेअरिंग दाबलेलं. म्हणून न्यूट्रल करा आणि पाय काढा, ही सवय जड क्लचला दुप्पट लागू.

घरात ही गाडी अजून कोण चालवतं ते पण विचारात घ्या. बाबा बाजारात नेत असतील, बायको मुलांना क्लासला सोडत असेल, तर पैसे देण्याआधी तोच क्लच बसवलेली कोणाची तरी गाडी शोधा आणि त्यांनाच चालवायला द्या. निर्णय त्यांच्या पायावर घ्या.

हलकं फ्लायव्हील टाकू का? आणि ड्युअल मास काढून सिंगल मास?

हलक्या फ्लायव्हीलने आरपीएम चटकन चढतात-उतरतात, पण जड फ्लायव्हील जी ऊर्जा साठवून ठेवतं तीच सिग्नलला गाडी उचलायला कामी येते. हलकं केलं की गाडी जास्त वेळा बंद पडते, मग तुम्ही जास्त आरपीएम देऊन क्लच सोडता, आणि आरपीएम वाढले की उष्णता किती वाढते ते वर लिहिलंच आहे. ट्रॅफिकच्या गाडीला नको.

ड्युअल मासचा विषय जरा मोठा आहे. त्यात फ्लायव्हीलचे दोन भाग असतात आणि मध्ये स्प्रिंगा, डिझेलचे आणि लहान टर्बो इंजिनांचे झटके गिअरबॉक्सला जाऊ नयेत म्हणून. बदलायला महाग असतं, त्यामुळे ‘सिंगल मास करून टाका, कटकट गेली’ हा सल्ला सर्रास मिळतो. केल्यावर क्लच सोडलेला असताना न्यूट्रलला गिअरबॉक्समधून खडखड येते, कमी आरपीएमला जोर दिला की केबिन थरथरते, आणि जे झटके ड्युअल मास पीत होतं ते आता गिअरबॉक्स खातो. सिंगल मासचं किट घ्यायचंच असेल तर त्याच्यासोबतची प्लेट लांब प्रवासाच्या स्प्रिंगांची, त्याच किटमधली असली पाहिजे. जुन्या ड्युअल मासची प्लेट सहसा विनास्प्रिंगची असते, ती सिंगल मासवर बसवली तर थरथर प्यायला कुठेच काही उरत नाही. माझं मत विचाराल तर रोजच्या डिझेलला ड्युअल मास चांगलं असेल तर राहू द्या, गेलं असेल तर नवीन ड्युअल मासच टाका. त्याचं फिरतं प्ले आणि हलणं किती चालतं याची मर्यादा कंपनीने मॉडेलप्रमाणे दिलेली असते, गिअरबॉक्स खाली असताना मोजून घ्या. आणि ते लेथवर फेस मारून (पृष्ठभाग सपाट करून) परत बसवायची वस्तू नाही.

ट्विन प्लेट कशी?

पृष्ठभाग दोनाचे चार झाले, म्हणजे तेवढाच टॉर्क अर्ध्या दाबात धरता येतो, पेडल हलकं राहतं. ५०० एनएमच्या वरच्या गाडीला तोच शहाणपणाचा रस्ता. त्याच्या खाली खर्च परवडत नाही, आणि बऱ्याच ट्विन प्लेट क्लच दाबल्यावर खडखडतात.

आधी रिमॅप की आधी क्लच?

क्लच चांगल्या स्थितीत असेल तर आधी ट्यूनरशी, म्हणजे रिमॅप करणाऱ्याशी, बोला. बहुतेक डिझेलचा क्लच जातो तो १८००-२००० आरपीएमला टॉर्क एकदम भिंतीसारखा उभा केल्यामुळे. तोच टॉर्क जरा उशिरा आणि चढत्या क्रमाने आणला, तळाशी थोडा कापला, तर वरची पॉवर तेवढीच राहते आणि स्टॉक क्लच सुद्धा बरीच वर्षं जातो. ट्रॅफिकमध्ये चालवायलाही अशी गाडी जास्त सोपी. टॉर्कचा ग्राफ मागा, नुसता आकडा नको. अर्थात क्लच आधीच स्लिप मारत असेल तर रिमॅपला थांबा.

माझी गाडी एएमटी किंवा डीएसजी आहे, मला काही आहे का?

एएमटीमध्ये (मॅन्युअल गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर यंत्र चालवतं) आतला क्लच साधा सिंगल प्लेटच असतो, पण तो दाबणारा पाय म्हणजे अ‍ॅक्च्युएटर, आणि तो स्टॉक दाबासाठी बनवलेला. जड प्रेशर प्लेट लावू नका. क्लच पेडल नसलेल्या आयएमटी गाड्यांनाही तेच. डीएसजीमध्ये (फोक्सवॅगन ग्रुपचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आपल्याकडच्या लहान टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, गाड्यांत येणारा सात स्पीडचा डीक्यू २०० हा कोरड्या दुहेरी क्लचचा आहे आणि त्याची मर्यादा २५० एनएम आहे, रिमॅप त्याच्या आत ठेवा.

गिअरबॉक्स उतरवल्यावर अजून काय काय बदलून घ्यायचं?

लेबर एकदाच लागतं, म्हणून हात आखडू नका. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही सोबतच, नुसती प्लेट बदलून घेणं म्हणजे पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची तयारी. क्रँकचं मागचं ऑइल सील ओलं दिसलं तर बदला. स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या आत बसणारा असेल तर तो नक्की बदला, बाहेरचा असेल तर तपासा. वायरच्या गाडीला नवीन वायर. हायड्रॉलिक असेल तर फ्लुइड बदलून पूर्ण ब्लीड (आतली हवा काढणं), हे फ्लुइड हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत ओलाव्याची कमतरता नाही. गिअर ऑइल तर निघालेलंच असतं.

मेकॅनिक चांगला आहे हे कसं ओळखू?

रबाळे-तुर्भे एमआयडीसी असो की वागळे, चांगले हात सगळीकडे आहेत. काम सुरू करण्याआधी दोन-तीन गोष्टी सहज विचारा. फ्लायव्हीलचं काय करणार? साधं फ्लायव्हील असेल तर फेस मारून, आणि त्याला पायरी असेल तर पायरीची उंची तीच ठेवून, असं उत्तर आलं पाहिजे. सँडपेपर मारून देतो म्हणाला तर थांबा. प्लेट मध्यावर कशाने बसवणार, तर अलाइनमेंट टूल. प्रेशर प्लेटचे बोल्ट, तर एकदम एक बाजू न आवळता आडवे-तिरपे थोडे थोडे, शेवटी टॉर्क रेंचने. आपोआप अ‍ॅडजस्ट होणारी प्रेशर प्लेट असेल तर तिचं खास टूल आहे का ते विचारा, त्याच्याशिवाय आवळली तर आतली रिंग आधीच सरकून बसते.

आणि शक्य असेल तर गिअरबॉक्स चढवताना तिथे उभे राहा. चढवताना तो प्लेटच्या हबवर लटकत सोडला तर हब वाकतो आणि मग नवीन क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो, लोक मग क्लचच्या कंपनीला बोल लावत बसतात. स्प्लाइनला (हब ज्यावर बसतो त्या गिअरबॉक्स शाफ्टच्या खाचांना) ग्रीस अगदी पुसटसं, जास्त लावलं तर फिरताना उडून प्लेटवर जातं. नवीन प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय बसवू देऊ नका.

ब्रेक-इन किती आणि कसा?

ऑर्गॅनिकला साधारण ५०० ते ८०० किलोमीटर, केव्हलारला त्याहून बरेच जास्त, कंपनीचा कागद बघा. इथे किलोमीटरपेक्षा क्लच किती वेळा लागला ते महत्त्वाचं. बसवल्यावर लगेच समृद्धीने नागपूरला जाऊन आलात तर किलोमीटर झाले, ब्रेक-इन झाला नाही, कारण पूर्ण वेळ सहाव्या गिअरला होतात. ठाण्यातल्या ठाण्यात शांतपणे चालवा, फुल थ्रॉटल नाही, घाट नाही, कोणाची गाडी टो करायची नाही. या काळात थोडा वास, थोडी थरथर चालते.

पावसाळ्यात काही वेगळं?

हो. क्लच कोरडा असतो पण बेल हाउसिंग हवाबंद नसतं, साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ओलावा आत जातो आणि थोडा वेळ क्लच सरकतो किंवा सकाळी पहिल्या दोन-चार वेळा थरथरतो, ऑर्गॅनिक प्लेट ओलावा पिते म्हणून. गरम झाल्यावर जातं, घाबरू नका. पण लोखंडाचं प्रमाण जास्त असलेल्या सिंटर्ड प्लेटा दमट हवेत उभ्या गाडीत गंजून फ्लायव्हीलला चिकटतात. जून ते सप्टेंबर गाडी बेसमेंटमध्ये आठवडे आठवडे उभी राहणार असेल तर हे पण सिरॅमिक-सिंटर्ड टाळायचं एक कारण धरा, आणि मध्ये मध्ये गाडी बाहेर काढा.

डुप्लिकेट माल कसा टाळायचा?

एक्सेडी, लुक, साक्स, व्हॅलिओ या चालणाऱ्या नावांचे नकली डबे बाजारात येतात. अधिकृत डीलरकडून, जीएसटीच्या बिलावर घ्या, डब्यावरचा पार्ट नंबर आणि वस्तूवर कोरलेला नंबर जुळवा. प्लेटची छपाई पुसट, रिव्हेट वाकडे, स्प्रिंगा हाताने हलतायत असं दिसलं तर परत करा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सेकंडहँड पार्ट चांगले मिळतात हे खरं, पण क्लच ही सेकंडहँड घ्यायची वस्तूच नाही.

बाहेरून मागवण्याआधी अजून एक शोध घ्या: तुमच्याच इंजिनची जास्त टॉर्कची आवृत्ती दुसऱ्या कुठल्या मॉडेलमध्ये आली होती का, आणि तिचा क्लच बसतो का. व्यास, स्प्लाइनची संख्या, फ्लायव्हीलचे बोल्ट जुळले तर कंपनीच्या दर्जाचा, मऊ, सहज मिळणारा अपग्रेड इथेच मिळतो. मला स्वतःला हा रस्ता सगळ्यात जास्त आवडतो.

आरटीओ, विमा, वॉरंटी?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलात बदल होईल असं काही करायला मनाई करतं, क्लच प्लेट आरसीवर नसते. वॉरंटीतल्या गाडीला मात्र विचार करून हात लावा, क्लच-गिअरबॉक्सचा पुढचा दावा नाकारला जाऊ शकतो. विमा कंपनीला मॉडिफिकेशन लेखी कळवा, रिमॅपसकट.

जुना क्लच सेट मेकॅनिककडेच सोडू का?

नको, मागून घ्या आणि उजेडात नीट बघा. प्रेशर प्लेटवर निळे डाग म्हणजे खूप तापलाय, तुमची हाफ क्लचची सवय तपासा. लायनिंग जाड शिल्लक आहे पण चकचकीत झालीय, म्हणजे ग्लेझ झाली, टॉर्क नाहीतर उष्णता झेपली नाही. एकाच बाजूला काळा ओलसर पट्टा म्हणजे ऑइल आलंय, सील बदललं का ते त्याच दिवशी विचारा. आणि लायनिंग सगळीकडे सारखी रिव्हेटपर्यंत झिजलेली असेल तर क्लचने आपलं आयुष्य पूर्ण जगलंय, तुम्हाला अपग्रेडची गरज नव्हती, त्याच नंबरचा सेट पुन्हा टाका.